‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्वतयारी आणि बडोदे

मध्यंतरी आपल्या मंडळाच्या एका बैठकीत परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा चित्रपट दाखविण्यात आला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढण्यासाठी दादासाहेब फाळके यांनी जी धडपड केली, तिची ही हसतखेळत सांगितलेली हकिकत. दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या, चहा आला आणि नेहमीप्रमाणे चर्चेस रंग चढला. फाळके आपल्या कलाभवनाचे विद्यार्थी होते, तेव्हा या यशात बडोद्याचाही वाटा आहे, असे एका तरुण सभासदाने मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यावर आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, “दादर मुंबईत, स्टुडिओ मुंबईत, पहिला खेळ मुंबईत. आपण बडोदेकरांनी टाळ्या वाजवायच्या त्या कशासाठी? शाळेत काय, सगळेच शिकतात. मनुष्य मोठा झाला की त्याचे नातेवाईक गावोगाव सापडू लागतात.”

प्रश्न टोचणारा होता आणि खराही होता. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपणा मंडळींस ही सवय आहेच. कोणी थोर पुरुष चार वर्षे आपल्या गावी राहून गेला, की त्याच्या थोरवीवर आपण नाव कोरून ठेवतो. म्हणून त्या वेळी उत्तर देण्याचे टाळून, हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा असे आम्ही ठरविले. प्रस्तुत लेख म्हणजे तो हिशेब होय. जमेची बाजू तेवढी लिहायची आणि खर्चाची झाकून ठेवायची, असे आम्ही केलेले नाही.

प्रथम हे पाहू, की चित्रपटाची पूर्वतयारी म्हणजे नेमके काय. पडद्यावर दोन तासांत जे सरकून जाते, त्याच्यामागे चित्रीकरणाचे काही आठवडे असतात आणि त्या आठवड्यांच्याही मागे तयारीचे महिने असतात. कथा निवडायची, तिचे प्रसंग पाडायचे, भांडवल उभे करायचे, नटनटी शोधायच्या, जागा हेरायच्या, देखावे उभारायचे, कपडेपट शिवायचा, यंत्रे तपासून घ्यायची आणि कोणत्या दिवशी काय टिपायचे याचे कोष्टक बांधायचे. आज या प्रत्येक कामास स्वतंत्र माणसे असतात. १९१२ साली हिंदुस्थानात या कामांतील एकाचेही जाणते माणूस उपलब्ध नव्हते. जो कोणी हे धाडस करील, त्याला चित्रकार, सुतार, रसायनज्ञ, छायाचित्रकार, नाटकवाला आणि सावकारापुढे बसणारा ऋणको, हे सारे स्वतःच व्हावे लागणार होते. मग या एका माणसाने एवढ्या विद्या कोठे गोळा केल्या, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना वाट बडोद्यावरून जाते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृताचे पंडित. पुढे ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापक झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. १८८५ मध्ये धुंडिराजाने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. तेथील चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून तो थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास आला. भिक्षुकी वा वकिली सोडून शास्त्र्याचा मुलगा रंगाच्या डब्या घेऊन बसतो, हे त्या काळच्या घरांत फारसे रुचणारे नव्हते. बडोद्यात मात्र त्यास योग्य वेळ सापडली. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवनाची स्थापना केली आणि त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे सोपविली. गज्जर मूळचे सुरतेचे, व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. हुन्नराचे शिक्षण देशी भाषांतून दिले पाहिजे, कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. रंगकाम, सुतारकाम, वास्तुकला, यंत्रविद्या हे विषय त्यामुळे एकाच आवारात, एकमेकांच्या शेजारी शिकविले जाऊ लागले.

येथील शेजार हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. जे. जे. मध्ये फाळके चित्रकला शिकले. कलाभवनात ते चित्रकलेबरोबर वास्तुकला शिकले, मातीचे नमुने घडविण्यास शिकले आणि छायाचित्रणाकडे वळले. येथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला, काच धुण्यापासून छाप काढण्यापर्यंतची सगळी कृती स्वतः करून पाहिली. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाचा नमुना मांडला आणि त्यास सुवर्णपदक मिळाले. चित्र, इमारत आणि रंगभूमी या तिन्ही गोष्टी ज्यात एकत्र येतात, असा विषय त्या बावीस वर्षांच्या मुलाने आपण होऊन निवडला, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. विद्यार्थ्याचा हात पाहून गज्जरांनी त्यास रतलाम येथे तिरंगी ठसे, शिळाछपाई आणि अंधाऱ्या खोलीतील कामे शिकण्यास धाडले. परत आल्यावर कलाभवनातील छायाचित्रशाळा वापरण्याची मुभाही दिली. तेथे फाळक्यांनी ठसे करण्याचा व छायाचित्रे छापण्याचा छोटासा व्यवसाय मांडला.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. १८८८ ते १८९० या काळात राजा रविवर्मा यांनी सयाजीरावांसाठी पुराणप्रसंगांवरील चौदा चित्रांची मालिका रंगविली. देवादिकांना माणसांचे देह, माणसांची वस्त्रे आणि माणसांचे अश्रू देणारी ही चित्रे. पुढे त्यांच्या छापील प्रतींनी घरोघरचे देव्हारे आणि माजघरे भरून गेली. हरिश्चंद्र-तारामतीचा प्रसंगही रविवर्म्यांनी रंगविला आहे. ज्या नगरीत ही चित्रे आली, त्याच नगरीत फाळके त्या वेळी ब्रश धरावयास शिकत होते. पुढे रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी ठशांचे कामही केले. ‘राजा हरिश्चंद्र’मधील पात्रांची ठेवण पाहताना रविवर्म्याची आठवण अनेक अभ्यासकांना झाली आहे, ती उगीच नव्हे.

येथवरचा हिशेब बडोद्याच्या जमेचा झाला. आता दुसरी बाजू.

१८९५ च्या सुमारास फाळके छायाचित्रकार म्हणून गोध्र्यास गेले. तेथे धंद्याचा जम बसतो न बसतो तोच १९०० साली प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोन्ही गेले. तिशीचा मनुष्य रिकाम्या हातांनी पुन्हा बडोद्यास परतला. त्याने येथे छायाचित्रांचे दुकान थाटले, पण ते चालले नाही. कॅमेरा माणसाची जीवनशक्ती शोषून घेतो, छायाचित्र काढले की आयुष्य घटते, अशी समजूत पसरली होती आणि ती केवळ अडाणी लोकांत नव्हती. ज्या शहराने छायाचित्रण शिकविण्यासाठी संस्था काढली, त्याच शहरातील लोक त्या संस्थेच्या विद्यार्थ्यासमोर बसावयास तयार नव्हते. पोटासाठी फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्याच सुमारास एका पाश्चात्त्य जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. १९०२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. वधू करंदीकरांची गिरिजा, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातली. विवाहानंतर तिचे नाव सरस्वती ठेवण्यात आले.

१९०३ मध्ये फाळके पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नकाशाकार म्हणून रुजू झाले. १९०६ मध्ये तीही नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला, पुढे तो दादरला नेला. नव्या भागीदारीत त्याचे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे नामकरण झाले. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. छापखान्याचे नाव झाले, पैसा येऊ लागला आणि मग भागीदारांशी बेबनाव होऊन फाळके तेथूनही बाहेर पडले. वय चाळीस.

त्या दिवशी एखाद्या जोश्याने त्यांची पत्रिका पाहिली असती, तर काय म्हटले असते? चित्रकार झाला नाही, छायाचित्रकार म्हणून चालला नाही, पडदे रंगविले, जादू केली, सरकारी नोकरी सोडली, छापखाना सोडला. सहा धंदे केले आणि सहांतून उठला. आपल्या घरांतूनही असा एखादा काका, एखादा मामा प्रत्येक पिढीत होऊन गेलेला असतो आणि त्याच्याविषयी कोणत्या स्वरात बोलले जाते, ते वाचकांस सांगावयास नको.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. कोणी ही तिथी १९१० च्या नाताळची देतात, कोणी १९११ च्या ईस्टरची. पडद्यावर ख्रिस्त सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण आणि रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत (१९१७-१८) सांगितले आहे. या प्रसंगाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, म्हणून आम्ही त्यावर रेंगाळत नाही. प्रतिभेचा तो क्षण एका संध्याकाळचा होता. त्यानंतरचे जवळजवळ दीड-दोन वर्षांचे काम मात्र क्वचितच सांगितले जाते.

पहिले काम पाहण्याचे. फाळके दररोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहू लागले. विलायती यंत्रांची सूचिपत्रे मागविली. एक लहानसे यंत्र आणि फिल्मचे तुकडे मिळवून मेणबत्तीच्या उजेडात, भिंगातून भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. झोप उडाली, डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेल्यासारखी झाली. डॉक्टरी उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने ते पुन्हा पाहू लागले. दुसरे काम पैशाचे. आयुर्विम्याच्या १२,००० रुपयांच्या पॉलिसी तारण ठेवून, यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस या स्नेह्यांच्या साहाय्याने १०,००० रुपये उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनच्या बोटीत चढले.

लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. पिकॅडिलीजवळ ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली, तेव्हा ते सरळ आत शिरले आणि संपादक कॅबोर्न यांस भेटले. कॅबोर्न यांनी त्यांस प्रथम परावृत्त केले. इंग्लंडातील निर्मातेच बुडत आहेत आणि हिंदुस्थानची हवा या धंद्यास मानवणारी नाही, हे त्यांचे म्हणणे. आम्हांस हा गृहस्थ विरोधक वाटत नाही. पैसे गहाण ठेवून आलेल्या परक्या माणसाला कोणत्याही सज्जनाने हेच सांगितले असते. फाळके बधत नाहीत हे दिसल्यावर त्याच कॅबोर्न यांनी त्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी १८९७ मध्येच या विद्येवर प्राथमिक पुस्तक लिहिले होते आणि वॉल्टन येथे त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनी आपली सगळी दालने या हिंदी पाहुण्यास मोकळी करून दिली. फाळके लंडनमध्ये राहिले अवघे दोन आठवडे. दोन आठवड्यांत परका मनुष्य काय शिकणार? नवशिका असता तर काहीच शिकला नसता. पण निगेटिव्ह धुणे, छापणे, भिंगाची पारख, रसायनांचे प्रमाण या गोष्टी ज्याच्या हातात वीस वर्षे मुरल्या होत्या, त्याला तेथे नवे एवढेच शिकावयाचे होते, की स्थिर चित्राला चालविण्याची किल्ली कोणती.

खरेदीची यादीही बोलकी आहे. ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोडॅकची कोरी फिल्म आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र. या तिसऱ्या वस्तूविषयी थोडे सांगितले पाहिजे. फिल्मच्या दोन्ही कडांस जी छिद्रे असतात, त्यांत यंत्राचे दाते अडकून फिल्म पुढे सरकते. त्या वेळी कोरी फिल्म छिद्रांवाचून येत असे आणि ती छिद्रे निर्मात्यास आपल्या घरी अंधारात पाडून घ्यावी लागत. एक फूट फिल्मवर सोळा चौकटी मावतात आणि प्रत्येक चौकटीस दोन्ही बाजूंनी चार-चार छिद्रे लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. म्हणजे केवळ एका निगेटिव्हसाठी छिद्रांच्या २,३६,८०० जोड्या झाल्या. वाया गेलेली फिल्म वेगळी आणि प्रदर्शनाची प्रत वेगळी. त्यांतले एखादे छिद्र केसभर जरी चुकले, तरी पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरू लागणार.

ही छिद्रे पाडली सरस्वतीबाईंनी. १ एप्रिल १९१२ रोजी फाळके परतले आणि त्याच दिवशी त्यांनी ‘फाळके फिल्म्स कंपनी’ काढली. दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुरा भवन हा प्रशस्त बंगला घेतला. आवारात काचेची खोली बांधली, आत अंधारी खोली सिद्ध केली. मे महिन्यात यंत्रे येऊन पोहोचली, तेव्हा सोबतच्या आराखड्यावरून चार दिवसांत त्यांनी ती जोडली. मग घरच्या माणसांस शिकविण्यास आरंभ केला. दिवसभराचा स्वयंपाक, मुलेबाळे आणि कंपनीच्या मंडळींची जेवणे उरकल्यावर रात्री सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडण्यास बसत. फिल्म धुण्याची रसायने त्या मिसळू लागल्या, पुढे चित्रीकरणात उन्हाचा झोत वळविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहिल्या. पहिल्या भारतीय कथापटाच्या तांत्रिक विभागातील ही पहिली स्त्री होय. तारामतीचे काम करण्यासाठीही फाळक्यांनी त्यांस विचारले होते. त्यांनी नकार दिला. ती पडद्यावर गेली, तर मागचे सगळे करणार कोण?

आता भांडवलाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. यंत्रे आली, पण चित्रपट काढावयास पैसा नाही, आणि न पाहिलेल्या वस्तूवर पैसा लावणार कोण? येथे फाळक्यांनी जी युक्ती केली, ती आजच्या कोणत्याही निर्मात्यास शिकण्याजोगी आहे. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा उभा केला. महिनाभराहून अधिक काळ थोड्याथोड्या चौकटी टिपल्या. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बीज फुटले, कोंब वर आला, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट. निवडक मंडळींस तो दाखविताच नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. उरलेला खड्डा सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरला. लंडनचा संपादक म्हणाला होता, की या हवेत हे काम होणे नाही. ते होते, याचा पुरावा कुंडीतल्या वाटाण्याने दिला. यंत्र चालते, फिल्म टिकते, धुणे जमते, हे सगळे त्या एका मिनिटात सिद्ध झाले.

येथे एका दुसऱ्या चित्रपटाचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ एक वर्ष आधी, मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पहिला मान कोणाचा, या वादात आम्ही पडत नाही. तोरण्यांचे धाडस लहान नव्हते. पण पूर्वतयारीच्या दृष्टीने पाहिले तर भेद स्पष्ट दिसतो. ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवर तयार असलेले नाटक, कॅमेऱ्यावर परदेशी माणूस, आणि फिल्म धुण्यास लंडनला पाठविलेली. फाळक्यांनी पेरणीपासून मळणीपर्यंत सारे एका आवारात आणले.

कथेची निवडही विचारपूर्वक झाली. मनात कृष्ण होता, पण घेतला हरिश्चंद्र. ही कथा रंगभूमीवर लोकप्रिय होती आणि कीर्तनांतून घरोघर पोहोचलेली होती. ज्या चित्रपटात शब्द ऐकू येणार नाहीत, त्याची कथा प्रेक्षकास आधीच पाठ असणे, हे निम्मे काम झाल्यासारखे होते. नटांसाठी ‘इंदुप्रकाश’सारख्या वृत्तपत्रांतून जाहिराती दिल्या. आले ते बहुतेक नाकारण्याजोगेच. अखेर नाटकांतून काम केलेले दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी स्त्री मिळेना. वेश्यावस्तीतही विचारणा झाली, तेथूनही नकारच आला. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके दृष्टीस पडले. सडपातळ बांधा, नाजूक बोटे. तेथे महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. रोहिदासासाठी कोणी आपला मुलगा देईना, तेव्हा घरचा भालचंद्र उभा राहिला. स्त्रीवेष घेणाऱ्यांच्या मिशा हा आणखी एक तंटा. वडील हयात असता मिशी काढणे अशुभ, ही रूढी. तिची समजूत घालण्यात दिग्दर्शकाचे किती दिवस गेले असतील, देव जाणे. ‘सिनेमात काम करतो’ म्हणणे लाजिरवाणे वाटे, म्हणून कोणी विचारल्यास हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामास आहे असे सांगावे, अशी फाळक्यांचीच सूचना होती.

त्र्यंबकेश्वरचे बालमित्र त्र्यंबक तेलंग यांस कॅमेरा फिरविण्यास शिकविले. देखावे फाळक्यांनी स्वतः रंगविले. ते करताना नाटकांचे पडदे रंगविलेला हात उपयोगी पडला आणि त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसतो, हे ठाऊक असलेला छायाचित्रकाराचा डोळाही. विश्वामित्राच्या यज्ञातून शक्ती प्रकट होतात, शंकर अवतरतो आणि अंतर्धान पावतो, तेथे प्रोफेसर केळफा कामास आले. वास्तुकलेचा विद्यार्थी, पुराणवस्तू खात्यातील नकाशाकार, ठसे करणारा कारागीर, सगळेच आले. चित्रकला, वास्तुकला, छायाचित्रण, रंगभूमी आणि जादू या विद्या अंगी नसत्या, तर हे आपणांस साधले नसते, असे स्वतः फाळक्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे ही यादी आम्ही बडोद्याच्या अभिमानापोटी रचलेली नाही.

एवढी तयारी असूनही फजिती टळली नाही. बाह्यचित्रीकरणास मंडळी वांगणीस गेली. फाळके मागाहून येणार होते. तलवारी-भाले घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांस हे दरोडेखोर वाटले आणि सगळ्यांची रवानगी चौकीत झाली. फाळक्यांनी येऊन कॅमेरा दाखविला, समजूत घातली, तेव्हा राजा हरिश्चंद्राची सुटका झाली.

चित्रपट पुरा होण्यास सहा महिने सत्तावीस दिवस लागले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांस तो दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये प्रेक्षकांसाठी खुला झाला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ही घरगुती कारखान्याची रीत पुढे कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी उचलली. त्यांनी तर कॅमेराच आपल्या कारखान्यात बनविला आणि चित्रकाराच्या शिस्तीने देखाव्यांची व वेशांची रेखाटने आधी कागदावर उतरविली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींनी ‘प्रभात’ उभारली, आणि १९३२ साली ‘प्रभात’ने पहिला बोलपट काढला तो ‘अयोध्येचा राजा’. कथा तीच, हरिश्चंद्राची. फाळके मात्र १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला विपन्नावस्थेत निवर्तले.

आता आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाकडे वळू. बडोद्याने टाळ्या कशासाठी वाजवायच्या? आमचे उत्तर असे. कलाभवनासाठी अवश्य वाजवाव्यात. शास्त्र्याच्या मुलास रंग, लाकूड, भिंग आणि रसायन एका छपराखाली हाताळू देणारी संस्था त्या काळी देशात दुर्मिळ होती, आणि ती आपल्या गावी होती. गज्जरांसाठी वाजवाव्यात, कारण विद्यार्थ्याच्या हातातील गुण ओळखून त्यांनी त्यास रतलामला धाडले आणि परतल्यावर आपली खोली उघडून दिली. पण १९०१ चे जे दुकान आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या गावात ग्राहकांवाचून बंद पडले, त्याच्या वेळी टाळ्या थांबवाव्यात. तेथे आपला वाटा खर्चाच्या बाजूचा आहे, आणि तोही वहीत राहू द्यावा.

आणखी एक गोष्ट लिहिताना आमच्या ध्यानात आली. चित्रीकरणापूर्वीची तयारी म्हटली, की आपण ती १९१२ पासून मोजतो. प्रत्यक्षात ती १८९० पासून चालू होती, फक्त ती तयारी आहे हे कोणास ठाऊक नव्हते. खुद्द फाळक्यांसही नव्हते. पडदे रंगविणाऱ्या फाळक्यांना लोकांनी धंद्यात बसलेला मनुष्य म्हणून पाहिले असेल. त्यामुळेच त्या वर्षांचे कागद, त्या हातचे पडदे, त्या कॅमेऱ्यातून निघालेल्या काचा कोणी जपून ठेवल्या नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’चीच मूळ फिल्म पुरती राहिली नाही. पुण्याच्या संग्रहालयात जे भाग आहेत, ते १९१७ च्या पुनर्निर्मितीचे असावेत असे काही अभ्यासक मानतात.

आपल्या वाड्यांतून अजून जुन्या ट्रंका आहेत. वाडे पडत आहेत, जागी इमारती उठत आहेत आणि ट्रंका भंगारात जात आहेत. काचेच्या निगेटिव्ह, छायाचित्रांच्या मागील शिक्के, नाटक मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, पडदेवाल्यांच्या पावत्या, असे काही कोणाकडे निघाल्यास टाकण्यापूर्वी मंडळास कळवावे. वस्तू आम्हांस नको, ती घरीच राहू द्यावी. आम्ही केवळ प्रत काढून घेऊ. ज्या घरातल्या काकांनी सहा धंदे केले आणि सहांतून उठले, त्यांच्या ट्रंकेपासून आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे.